पान एक्केचाळीस

डुलुथमध्ये, धान्याच्या कोठारांमागच्या गल्लीत,
ऑर्डिस हॅलवर्सनच्या तळघरात
मी सतरा वेळा मेलो.

पहिल्यांदा अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, एका पुलावर.
बाहेर सरोवर गोठलेलं, आत हीटर खोकत होता.
पूल पुठ्ठ्याचा, दरी म्हणजे टेबलाची कड.
मी म्हटलं, हा अन्याय आहे.
तिनं वहीत लिहिलं : "अन्याय, वेंडेलच्या मते"
आणि विचारलं,
"मेलास त्याचं दुःख, की मरताना कंटाळलास त्याचं?"

दिवसा ती बंदरात वेळापत्रकं जुळवायची,
कुठलं जहाज किती टन लोखंडी माती घेऊन कधी सुटणार.
रात्री त्याच बोटांनी राक्षसांचे तक्ते.
म्हणून तिच्या राक्षसांना वजन असायचं.
ड्रॅगनला किती दिवसांनी भूक लागते
हे ती आधी ठरवायची,
आग नंतर.

फासा पडेल तो डाव, हे तिला मान्य.
राजा बोलेल तो न्याय, हे नाही.
खेळ चालवणाऱ्याच्या हातून ती
एकेक अधिकार काढून घेत गेली,
दाढीवाले पुरुष चिडायचे, जत्रेतल्या हॉलमध्ये
तिच्या टेबलाला वळसा घालून जायचे.

पहिली पुस्तिका चर्चच्या झेरॉक्सवर, पाद्री झोपल्यावर.
बत्तीस पानं, दोनशे प्रती, पान नऊ उलटं.
लोकांनी ते मुद्दाम केलंय असं समजून
पत्रांतून त्याचे अर्थ लावले.
तिनं कुणालाच दुरुस्त केलं नाही.

मग मिलवॉकीची कंपनी.
खुर्ची, दिवा, दातांचा विमा.
आठ वर्षांत बारा पुस्तकं, खोक्यावर नाव मालकाचं.
काढलं तेव्हा तिचेच फासे
मोजून, पावतीवर सही घेऊन परत दिले.
जन्मभर दुसऱ्यांसाठी नियम लिहिले बाईनं,
आणि करारातला सातवा वाचलाच नव्हता.

त्यानंतर शब्दाला तीन सेंट.
"राक्षस"चे तीन, "आणि"चेही तीन.
"तरी एकही 'आणि' फुकट घातला नाही," म्हणायची,
आणि सकाळी शाळेच्या बसचे रस्ते आखायला जायची,
कुठल्या वळणावर बर्फ साठतो, कुठलं पोर उशीर करतं,
सगळं चौकटीच्या कागदावर.

पान एक्केचाळीस मी उशिरा वाचलं.
*मेलेल्या खेळाडूनं टेबलावरून उठायचं नाही.
दर फेरीत त्यानं एक प्रश्न विचारावा.
जिवंतांनी खरं उत्तर द्यावं.*

माझं नववं मरण आठवलं.
तेव्हा मी वर गेलो होतो, स्वयंपाकघरात,
खालून हसणं ऐकू येत होतं,
म्हणून मी कप धुतले. सगळे.
पुसून, कान एका दिशेला करून मांडून ठेवले.
ती काही बोलली नाही सकाळी.
कप मात्र मोजले असणार.

या नोव्हेंबरात तिच्या भाच्यानं, टोबिननं,
तळघर रिकामं करण्याआधी आम्हाला बोलावलं.
चौघे उरलोय. एकाला ऐकू येत नाही,
त्याच्यासाठी फासा पडला की आकडा बोटांनी दाखवायचा.
पूल तोच, पुठ्ठा मऊ पडलेला.
तिची खुर्ची ओढून टेबलाशी लावली.
फेरी फिरत तिच्यापाशी आली,
आणि आम्ही थांबलो, कारण नियम आहे.

हीटर नवा आहे आता. खोकत नाही.

शेवटी टोबिननंच तिच्या वहीतून वाचलं,
पहिल्या पानावरून :
"कंटाळलास का?"

खरं सांगायचं असतं.
थोडासा, मी म्हटलं.
कंबर दुखतेय, आणि तू नसताना
दरी जरा कमी खोल वाटते.

मग फासा टाकला.
चार.
पूल ओलांडायला अकरा लागतात.

मी उठलो नाही.